कुणाच्या पेशींवर?

स्टॅफिलोकॉकसच्या विषांवर काम करण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. त्या काळात माझ्या हातून ज्या मोठ्या चुका झाल्या, त्यांतली एकही पिपेट चुकल्यामुळे किंवा नळ्यांची अदलाबदल झाल्यामुळे झालेली नाही. तसल्या चुका सगळ्यांकडून होतात आणि बहुधा आठवडाभरात सापडतात. माझ्या चुका विचारातल्या होत्या. एखादं प्रथिन ‘तीव्र’ आहे किंवा ‘निकामी’ आहे, असं मी वहीत लिहून मोकळी व्हायची. कुणाच्या पेशींवर तीव्र, कुणाच्या पेशींवर निकामी, हे लिहायची नाही. लिहायची नाही म्हणून हळूहळू तो प्रश्न मनात येईनासाही झाला.

हा प्रश्न या विषांच्या बाबतीत का टाळता येत नाही, ते आधी सांगते.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू अन्नात वाढला की त्यात एन्टेरोटॉक्सिन सोडतो. लग्नाच्या किंवा बारशाच्या जेवणानंतर काही तासांत पंगतच्या पंगत उलट्या करू लागते, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. अन्न पुन्हा उकळलं तर जंतू मरतो, विष मात्र बऱ्याच प्रमाणात टिकतं. यातलं एन्टेरोटॉक्सिन बी हे २३९ अमिनो आम्लांचं प्रथिन माझ्या कामाचा विषय होतं. पोट बिघडवण्यापलीकडे त्याचा आणखी एक उद्योग आहे. ते रोगप्रतिकारक टी-पेशींना सरसकट भडकवतं.

एरवी टी-पेशी अशा सहजी भडकत नाहीत. दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी नावाचं प्रथिन असतं. त्याच्या खोबणीत जंतूच्या प्रथिनाचा लहानसा तुकडा बसवलेला असतो. त्या तुकड्याशी जिचा ग्राही जुळेल तीच टी-पेशी कामाला लागते, आणि अशी पेशी दहा हजारांत किंवा लाखात एखादी असते. एन्टेरोटॉक्सिनला तो तुकडा लागतच नाही. ते एका बाजूने एमएचसीला खोबणीच्या बाहेरून धरतं आणि दुसऱ्या बाजूने टी-पेशीच्या ग्राहीचा ‘व्ही-बीटा’ हा भाग पकडतं. दोन अनोळखी माणसांचे हात तिसऱ्यानेच एकमेकांत बांधून टाकावेत, तसा हा प्रकार आहे. एकाच वेळी पाचातली एक टी-पेशी जागी होऊ शकते, सायटोकाइन या संदेशवाहक प्रथिनांचा लोंढा सुटतो आणि रक्तदाब कोसळतो. डेन्व्हरच्या जॉन कॅप्लर आणि फिलिपा मॅरॅक यांच्या गटाने १९८९ मध्ये या विषांना ‘सुपरअँटिजेन’ हे नाव दिलं. त्याच गटाने १९९२ मध्ये एन्टेरोटॉक्सिन बी मध्ये एकेक अमिनो आम्ल बदलून दाखवलं, की २३ व्या जागेच्या आसपास फेरफार केला तर टी-पेशीवरची पकड जाते आणि ४४ व्या जागेच्या आसपास केला तर एमएचसीवरची.

त्या निबंधाने मी भारावून गेले होते. एका अमिनो आम्लाच्या बदलाने विषाचा एक हात निकामी करता येतो, म्हणजे असं प्रथिन लस म्हणून वापरता येईल. प्रतिपिंडं तयार होतील आणि विषबाधा होणार नाही. फक्त एक गोष्ट मी पुरेशी मनावर घेतली नाही. ज्या दोन गोष्टींना हे विष धरतं, ते एमएचसी आणि तो व्ही-बीटा, प्रत्येक प्राण्यात वेगवेगळ्या आहेत. विषाची ताकद एकट्या विषात नसते. ती धरणारा आणि धरला जाणारा यांच्या जोडीत असते. त्यामुळे एकाच उत्परिवर्तनाचा अर्थ माणसात एक, उंदरात दुसरा आणि गाईत तिसरा असू शकतो. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी अचूक लिहिलं असतं. प्रयोग करताना मात्र ते माझ्या हाताशी नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही ४४ व्या जागेवरचं फेनिलअॅलनिन बदलून एक उत्परिवर्तित विष तयार केलं. त्याचं जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, चढवून ते ई. कोलाय जंतूंत वाढवलं आणि स्तंभातून शुद्ध केलं. माणसाच्या रक्तातल्या पेशींवर टाकलं तर काहीच घडलं नाही. पेशी विभागू लागल्या की किरणोत्सारी थायमिडीन शोषून घेतात, आणि यंत्रावर त्याची मोजणी होते. ती मोजणी जमिनीलगत राहिली. अपेक्षा तीच होती. मग तेच प्रथिन उंदराच्या प्लीहेतल्या पेशींवर टाकलं. तिथे मोजणी वर गेली. मूळ विषाइतकी नाही, पण स्पष्ट दिसेल इतकी, आणि प्रथिनाची मात्रा वाढवली तशी वाढत गेली.

इथे मी थांबायला हवं होतं. एन्टेरोटॉक्सिन बी एचएलए-डीआर या माणसाच्या एमएचसीला जितकं घट्ट धरतं, तितकं उंदराच्या एमएचसीला धरत नाही, हे तेव्हाही माहीत होतं. माणसाच्या एमएचसीवर जो रेणू पकड गमावून बसला आहे, तो उंदराच्या सैल पकडीवर टिकून राहतो, हे विचित्र होतं. विचित्र निकालाबद्दल शंका घ्यायची असते. मला तो शोध वाटला. ‘उंदराच्या एमएचसीवर पकडीची जागा वेगळी असली पाहिजे’ असं एक सुबक अनुमान मी एका संध्याकाळी रचलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याची आकृतीही काढली.

त्या प्रकल्पावर काम करणारा विद्यार्थी मितभाषी होता. आकृती बघून तो म्हणाला, “मॅडम, रिकामं प्लाझ्मिड असलेल्या कोलायमधूनही असाच प्रेप काढू का? एकदा तोही पेशींवर टाकून बघू.”

मी म्हटलं, “त्यातून काय मिळणार? बफरचा कंट्रोल आहे ना आपला. उगाच आणखी उंदीर लागतील.”

तो “बरं” म्हणाला आणि परत त्या गोष्टीवर बोलला नाही. माझा सूर चढा नव्हता, पण निर्णय झालेला आहे एवढं त्याला कळावं इतका ठाम होता. आपल्याकडे विद्यार्थी गाइडला दुसऱ्यांदा विचारत नाही. हे मला माहीत होतं, आणि त्याचा फायदा मी घेतला असंच म्हणावं लागेल.

तरी मनात कुठेतरी खटका होता, म्हणून मी स्वतः एक तपासणी सुचवली. प्रेप उकळून बघू. भेसळ असेल तर उकळल्यावर परिणाम जाईल, असा माझा हिशेब होता. परिणाम गेला नाही. मला आनंद झाला. एन्टेरोटॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही हे तर पाठ्यपुस्तकातलं वाक्य, तेव्हा उकळूनही टिकला तो परिणाम आमच्या प्रथिनाचाच, असं मी धरून चालले. ज्या भेसळीचा संशय घ्यायला हवा होता तीही उकळून जात नाही, हे त्या क्षणी मला सुचलं नाही. दोन्ही शक्यतांत जिचं उत्तर सारखंच येणार अशी तपासणी मी निवडली होती आणि तिचा निकाल पुरावा म्हणून वापरला.

ती भेसळ म्हणजे लायपोपॉलिसॅकराइड, ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणाचा घटक. कोलायमध्ये वाढवलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रथिनाला तो थोडाफार चिकटून येतो, आणि वेगळा काढला नाही तर अत्यल्प मात्रेतही पेशींना चेतवतो. इथे पुन्हा प्राण्याप्राण्यांतला फरक येतो. उंदराच्या प्लीहेत प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींचा भरणा असतो, आणि उंदराच्या बी-पेशी या पदार्थाने जोरात विभागू लागतात. माणसाच्या रक्तातल्या बी-पेशींवर त्याचा ग्राही जवळजवळ नसतो, त्यामुळे त्या तशा विभागत नाहीत. माणसाच्या मोनोसाइट पेशी त्याने नक्की चेततात, पण त्या विभागत नाहीत, टीएनएफसारखी सायटोकाइनं सोडतात. मी मोजत होते फक्त विभाजन. टीएनएफ मोजलं असतं तर माणसाच्या पेशींनीही तक्रार नोंदवली असती. आणखी एक गोष्ट पुढे वह्या चाळताना दिसली. माणसाच्या पेशी आम्ही मानवी सीरममध्ये वाढवत होतो आणि उंदराच्या पेशी वासराच्या सीरममध्ये. बहुतेक प्रौढ माणसांच्या रक्तात या विषांविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच असतात, कारण जंतूशी आपली गाठ लहानपणापासून पडलेली असते. म्हणजे दोन प्राण्यांची तुलना म्हणून मी जे दाखवत होते, त्यात प्राण्याखेरीज निदान आणखी दोन गोष्टी वेगळ्या होत्या: पेशी रक्तातल्या की प्लीहेतल्या, आणि सीरम कुणाचं.

हे काम मी एका परिषदेत मांडलं. टाळ्या पडल्या, दोन गटांनी क्लोन मागवला, आम्ही तो पाठवला. चर्चेच्या शेवटी मागच्या रांगेतून एकांनी विचारलं, “विभागतायत त्या नेमक्या कुठल्या पेशी?” मी “टी-पेशी” असं उत्तर दिलं. ते मी मोजलेलं नव्हतं. सुपरअँटिजेन म्हटलं की टी-पेशी, एवढ्याच आधारावर मी ते बोलून गेले. परतीच्या गाडीत ते उत्तर मला बोचत राहिलं.

परत आल्यावर आम्ही पेशी रंगवून फ्लो सायटोमीटरवर पाहिल्या. एन्टेरोटॉक्सिन बी उंदरात मुख्यतः व्ही-बीटा ८ गटाच्या टी-पेशी वाढवतं, ही त्याची खूण. मूळ विष टाकलेल्या पेशींत ती खूण ठळक होती. आमच्या उत्परिवर्तित प्रथिनात तिचा पत्ता नव्हता, विभागणाऱ्या पेशी बहुतेक सगळ्या बी-पेशी होत्या. मग सी३एच/एचईजे या जातीचे उंदीर मिळवले. ही जात लायपोपॉलिसॅकराइडला जन्मतःच दाद देत नाही. तिच्या पेशींवर मूळ विषाने नेहमीसारखा परिणाम केला, आमच्या प्रथिनाने शून्य. विद्यार्थ्याने सुचवलेला रिकाम्या प्लाझ्मिडचा प्रेपही शेवटी करून पाहिला. साध्या उंदराच्या पेशींवर त्याची मोजणी आमच्या ‘शोधा’इतकीच आली.

पुढे १९९८ मध्ये ब्रूस ब्युटलर यांच्या गटाने सी३एच/एचईजे उंदराचं कोडं सोडवलं. टीएलआर-४ या ग्राहीत ७१२ व्या जागेवर प्रोलीनऐवजी हिस्टिडीन, एवढाच त्याचा दोष. त्या कामासाठी त्यांना २०११ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. तो निबंध मी वाचला तेव्हा मला माझा प्रयोग नव्याने समजला. विषातल्या एका अमिनो आम्लाने प्राण्याप्राण्यांत फरक पडतो, असं मी सांगत फिरत होते. माझ्या प्रयोगात ज्या एका अमिनो आम्लाने निकाल ठरवला, ते उंदरात होतं.

याची किंमत मी एकटीने मोजली नाही. विद्यार्थ्याच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण गेलं, त्याला विषयाचा मोठा भाग बदलावा लागला आणि पदवी लांबली. त्याच्या घरी लग्नाची बोलणी पदवीवर अडलेली होती, हे मला फार नंतर कळलं. ज्या उंदरांची मला काळजी वाटत होती, त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त उंदीर त्या चुकीच्या अनुमानापायी मारले गेले. क्लोन मागवलेल्या दोन्ही गटांना मी पत्र लिहून सगळं कळवलं. एका गटाने तोवर त्यावर बरंच काम केलं होतं. त्यांचं उत्तर सभ्य होतं आणि दोन ओळींचं होतं.

दुसरी चूक उलट्या दिशेची होती, आणि जास्त धोक्याची. काही वर्षांनी आम्ही नीट शुद्ध केलेलं, एकाहून जास्त बदल असलेलं प्रथिन घेऊन अनुदानासाठी प्रस्ताव लिहिला. त्यात मी लिहिलं, की हे प्रथिन मोठ्या मात्रेत टोचूनही उंदरांना काही झालं नाही, सबब ते सुरक्षित आहे. परीक्षकाने समासात एकच प्रश्न लिहून पाठवला. मूळ विष टोचलेल्या उंदरांचं काय झालं?

त्यांनाही फारसं काही झालं नव्हतं. साधा उंदीर या विषाला मुळातच फारशी दाद देत नाही. माणसाला नॅनोग्रॅमच्या हिशेबात बाधतं ते त्याला सहज पचतं. म्हणूनच या क्षेत्रातले लोक उंदराला आधी डी-गॅलॅक्टोसामाइन किंवा लायपोपॉलिसॅकराइड देऊन संवेदनशील करतात, किंवा ज्यांच्या पेशींवर माणसाचं एचएलए बसवलं आहे असे उंदीर वापरतात. त्या उंदरांना मूळ विष झेपत नाही, आणि म्हणून त्यांच्यात उत्परिवर्तित विष निरुपद्रवी ठरलं तर त्याला काही अर्थ असतो. मूळ विषानेही जो प्राणी आजारी पडत नाही, त्याच्या तब्येतीवरून मी माणसाच्या सुरक्षिततेचं वाक्य लिहिलं होतं. प्रस्ताव नामंजूर झाला. तो मंजूर झाला असता तर मी त्या वाक्याच्या आधारावर पुढचं पाऊल टाकलं असतं, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

पुढचं पाऊल काय असू शकतं ते मार्च २००६ मध्ये लंडनला दिसलं. टीजीएन१४१२ हे विष नव्हतं, औषध म्हणून बनवलेलं प्रतिपिंड होतं, पण कामाची तऱ्हा जवळची. ते टी-पेशींवरच्या सीडी२८ ला धरून त्यांना थेट चेतवत होतं. माकडांत ते निर्धोक ठरलं होतं. माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकी मात्रा सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली गेली, आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते. सगळे वाचले, पण एकाची हातापायांची बोटं गेली. ज्या भागाला ते प्रतिपिंड चिकटतं तो माणसात आणि त्या माकडांत सारखाच होता. फरक होता तो पेशींच्या जमावात. माणसाच्या ज्या अनुभवी टी-पेशींवर सीडी२८ टिकून असतं, त्या माकडांत ते गमावून बसलेल्या असतात. ग्राहीचा क्रम जुळला म्हणजे प्राणी जुळला, असं नाही. हा तपशील वाचून मी माझा जुना प्रस्ताव काढला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

तिसरी चूक गोठ्यातली. गाईम्हशींच्या काससुजीवर एका पशुवैद्यक मित्राबरोबर मी थोडं काम केलं. हाच जंतू कासेत शिरतो, दुधात गुठळ्या येतात, सड दगडासारखा होतो आणि शेतकऱ्याचं उत्पन्न बसतं. त्या जंतूच्या विषाने गाईच्या टी-पेशींचं काय होतं हे पाहायचं होतं. मी नेहमीच्या सवयीने माणसापासून मिळालेल्या जंतूचं एन्टेरोटॉक्सिन सी मागवलं. प्रतिसाद क्षीण आला आणि गाईच्या पेशींना या विषाचं फारसं सोयरसुतक नाही, असा निष्कर्ष मी मित्राला कळवला. त्याने तो आपल्या टिपणात घातलाही.

ग्रेगरी बोहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आधीच तपासलं होतं. गाईंतल्या जंतूंत या विषाचं वेगळं रूप सापडतं. माणसातल्या सी-१ रूपापेक्षा त्यात अवघ्या तीन अमिनो आम्लांचा फरक आहे, आणि १९९७ मध्ये त्यांनी ही दोन रूपं माणसाच्या आणि गाईच्या टी-पेशींवर शेजारी-शेजारी ठेवून तुलना केली होती. याच जंतूचं दुसरं सुपरअँटिजेन म्हणजे टॉक्सिक शॉक विष; मेंढ्यांमधल्या जंतूंत त्याचं जे रूप मिळतं, त्यात सात अमिनो आम्लं वेगळी आहेत. सशाला जीवघेणं ठरणारं मूळ विष आणि हे रूप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रयोगशाळेत मी जे बदल हाताने करत होते, तसले बदल निसर्गात यजमानागणिक घडून गेलेले होते. ते वाचायचं सोडून मी माणसाचं विष गाईला लावलं. मित्राने टिपण दुरुस्त केलं. मला तो काही बोलला नाही.

आणि ‘माणूस’ हाही एकच प्राणी नव्हे. आमच्याकडे रक्त द्यायला कोण तर प्रयोगशाळेतलेच चारदोन जण, वर्षानुवर्षं तेच. प्रत्येकाचं एचएलए वेगळं असतं. मलक कोत्ब यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं, की आक्रमक स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गात काही एचएलए संच असलेली माणसं सौम्य आजारावर सुटतात आणि दुसरे संच असलेली गंभीर होतात, कारण त्या जंतूची तीच सुपरअँटिजेनं त्यांच्या पेशींना कमीजास्त भडकवतात. माझ्या जुन्या तक्त्यांत ‘मानवी पेशी’ असा स्तंभ आहे. तो खरं तर आमच्या त्या चारदोन जणांचा स्तंभ आहे.

उत्परिवर्तित विषापासून लस करण्याची कल्पना मात्र खोटी नव्हती. एन्टेरोटॉक्सिन बी च्या एमएचसी धरणाऱ्या भागात तीन बदल केलेलं प्रथिन दुसऱ्यांनी माणसांपर्यंत नेलं. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठात टॉक्सिक शॉक विषाचं दोन बदल केलेलं रूप स्वयंसेवकांना दिलं गेलं आणि २०१६ मध्ये त्याचे निकाल छापले गेले. लोकांनी ते सोसलं आणि प्रतिपिंडं तयार झाली. त्या चाचणीची सुरुवात १०० नॅनोग्रॅमपासून झाली होती, आणि तिथून मात्रा पायरीपायरीने वाढवत नेली. प्राण्यांवरचे अहवाल हातात असूनही तो आकडा इतका लहान ठेवला गेला. माणसाच्या पेशींबद्दलचं शेवटचं उत्तर माणसाच्याच पेशी देणार, हे त्या आकड्यात धरलेलं आहे.

आता कुणी निकाल दाखवायला आणला की मी आधी मूळ विषाचा स्तंभ बघते. ज्या प्राण्यात मूळ विष बोलत नाही, त्यात उत्परिवर्तित विषाच्या गप्प राहण्याला मी किंमत देत नाही. मग रिकाम्या प्लाझ्मिडचा स्तंभ. तो नसेल आणि करू का असं कुणी विचारलं, तर उंदीर किती लागतील हे मी नंतर मोजते.